शेवटचा क

‘कार्यवाह’ या शब्दाच्या शेवटी क नसतो. मी इथल्या मराठी शाळेत तीसएक वर्षं शिकवलं. मुलांना सभेचा वृत्तान्त लिहायला दिला की निम्मी पोरं हमखास ‘कार्यवाहक’ लिहायची, कारण हिंदीच्या पुस्तकात त्यांनी तो पाहिलेला असायचा, आणि मी तो क तांबड्या शाईनं खोडायची. इतका की पोरांनी माझं नावच ‘क-बाई’ ठेवलं होतं. बाईंना शुद्धलेखनाचं वेड आहे म्हणायची. वेडबिड काही नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घासाठी मी कधी कुणाचा अर्धा गुणसुद्धा कापला नाही. हा एक क दिसला की मात्र हात थांबत नसे. वर्गात त्याचं कारण कधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांना वाईट वाटलं असतं त्यांच्यातलं कुणी उरलेलं नाही.

आम्ही नल्लकुंट्याच्या एका गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात राहायचो. माय, आबा आणि मी. माझ्या पाठची दोन जगली नाहीत. आबा सरकारी छापखान्यात दफ्तरी होते, म्हणजे वह्या-पुस्तकं शिवायचे, पुठ्ठे बांधायचे. घरीही फावल्या वेळात त्यांचं तेच चालायचं, त्यामुळे घराला बारा महिने मैद्याच्या खळीचा वास. कीड लागू नये म्हणून त्यात ते मोरचूद घालायचे आणि मला दर वेळी बजावायचे, बोट तोंडात घालू नको, मरशील. पुठ्ठ्याला भोक पाडताना त्यांच्या टोच्याचा टक-टक आवाज यायचा, आणि बाहेरच्या ओसरीवरून मायच्या शिलाई मशीनचा. हे दोन आवाज एकदम बंद झाले तर समजायचं, घरात काहीतरी बिनसलंय. माय नांदेडकडची. भाजीवाली ज्याला गोंगुरा म्हणायची ती अंबाडी आणून माय तिच्यात ज्वारीच्या कण्या घालायची, वर लसणाचा तडका. गल्लीत कुणाचा विश्वास बसायचा नाही की ही त्यांचीच भाजी आहे. बेगम बाजारातून आणलेली मिरची तिला कधी पसंत पडली नाही. नुसती रंगाला बरी, म्हणायची. घरात गावाकडची मराठी, गल्लीत तेलुगू, आबांच्या कचेरीत उर्दू, आणि दुकानात दखनीतलं ‘नक्को’, ‘हौ’, ‘कैकू’. या सगळ्याची सरमिसळ करून मी बोलायची आणि मला वाटायचं, सगळं जग असंच बोलतं.

आम्ही पूर्वीचे महार, छप्पन सालात बौद्ध झालेलो. आबा नागपूरला जाऊन आले आणि मायनं देव्हारा रिकामा करून त्यात तिच्या मशीनचं तेल, सुया आणि कात्री ठेवली. जागा चांगली होती, वाया कशाला घालवायची, असं तिचं म्हणणं.

गल्लीच्या पलीकडे मराठी बायकांचं एक मंडळ होतं. ते अजून चालू आहे, म्हणून नाव सांगत नाही. अधिकाऱ्यांच्या, वकिलांच्या बायकांनी ते काढलं होतं. दोन खोल्या, पुढं पडवी, सकाळी बालवाडी, दुपारी शिवणवर्ग. बालवाडीत वस्तीतली पोरं यावीत असा हेतू होता, पण पोरं काही येईनात. तेव्हा त्यांनी मायला बोलावलं, पोरं गोळा करून आणायला. तिनं पोरं आणली, त्यांची नाकं पुसली, दुधाच्या पावडरीच्या गुठळ्या मोडून त्यांना दूध पाजलं. मग पोरांच्या आया येऊ लागल्या, तर त्यांना मशीन शिकवलं. शिवणाच्या बाई सोडून गेल्या, तेव्हा त्यांचंही काम हिच्याकडं आलं. तीन-चार वर्षांत असं झालं की मंडळात कुठली सुई कुठं आहे ते फक्त मायला ठाऊक. वस्तीतल्या तेलुगू बायका तिला गिरजाक्का म्हणायच्या. मंडळातल्या बायका एकमेकींना ताई म्हणायच्या, कमलताई, वत्सलाताई, आणि तिला गिरजाबाई. कौतुक मात्र भरपूर करायच्या. कुणी पाहुणी आली की मायला पुढं उभी करायच्या, आमच्या गिरजाबाई बघा, कुठून कुठं आल्या, आणि शेवटी हमखास म्हणायच्या, ‘आम्ही सगळ्या तुमच्या पाठीशी आहोत हं.’ माय घरी येऊन चुलीपुढं बसली की आबांना हे ऐकवायची. ‘पाठीशी लई हायेत माझ्या,’ म्हणायची, ‘इतक्या हायेत की म्होरं बगावं तर कोनीच नाई.’ आबा पोट धरून हसायचे.

मग निजामाच्या जुन्या राज्याचे तुकडे पडायचं ठरलं. तेलुगू मुलूख आंध्रात, आपला मराठवाडा मुंबईकडं, कानडी मुलूख म्हैसुरात. हे पेपरात वाचायला सोपं होतं. घरात ते आलं ऑप्शनच्या रूपानं. सरकारी नोकरांनी लिहून द्यायचं होतं, जाता की राहता. मोठी माणसं रस्त्यात भेटली की ‘जेवलात का’ विचारायच्या ऐवजी ‘ऑप्शन काय दिलं’ विचारायची. दर आठवड्याला कुणाच्या तरी दारात बंडी उभी असायची, तिच्यावर कपाट आडवं, कपाटावर पाळणा. निरोपाच्या फराळाचा चिवडा त्या वर्षी मी इतका खाल्ला की अजून तो समोर आला तर उठून जाते. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक औरंगाबादला गेले. त्यांच्या जागी तात्पुरते म्हणून हिंदीचे मास्तर बसले. ते मूळचे कानपूरकडचे. सूचनेच्या फळ्यावर रोज ते सही करायचे आणि खाली सुरेख अक्षरात लिहायचे, ‘कार्यवाहक मुख्याध्यापक’. हिंदीत त्याचा अर्थ, खरा माणूस येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा. मला तो माहीत नव्हता. मला वाटलं, शाळा चालवतो तो कार्यवाहक. शब्द दिसायलाही भारदस्त होता.

आबांनी ऑप्शनचे दोन फॉर्म आणले होते. एक भरायला, एक चूक झाली तर असावा म्हणून. त्यांचे दोघे भाऊ नांदेडकडं होते, थोडी जमीन होती, आणि आता तर तिकडं आपली भाषा चालणार होती. जायचं असंच ठरत आलं होतं. तेवढ्यात कमलताई एका दुपारी आमच्या घरी आल्या. त्या मंडळाच्या कार्यवाह, म्हणजे सगळा कारभार त्यांच्याकडं. नवरा महसूल खात्यात, त्याची बदली झालेली. उंबऱ्याच्या आत येऊन त्या सतरंजीवर बसल्या, मायच्या हातचा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, गिरजाबाई, माझ्यामागं मंडळ तुम्ही चालवा, नाहीतर ते बंद पडेल. त्या गेल्यावर मायनं दोन भाकरी करपवल्या, तेव्हा आबांना काय ते कळलं. त्यांनी विचारलं, तुझी इच्छा काय? ती म्हणाली, आपली कसली इच्छा, तुमी म्हनाल तसं. आबा फॉर्म समोर घेऊन बसले आणि म्हणाले, ‘वही इथं शिवली काय आन् तिकडं शिवली काय, मला सारखंच. तुला खुर्ची इथंच मिळतीय.’ त्यांनी ‘राहतो’ असं लिहून दिलं. दुसरा फॉर्म कोराच राहिला, तो त्यांच्या रद्दी कागदांच्या खोक्यात गेला. नंतर पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाला नोकरी टिकवण्यासाठी तेलुगूची बाराखडी गिरवावी लागली. त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

कमलताई निघायच्या आदल्या दिवशी सभा झाली. सभेची वही आबांनीच बांधलेली, लाल कापडी पाठीची. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. मी खिडकीखाली मांडी घालून बसले, कमलताई उभ्यानंच सांगत होत्या आणि मध्येच बाहेर टांगेवाल्याला ओरडत होत्या. श्रीमती गिरजाबाई यांची मंडळाच्या कार्यवाह म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मी लिहिलं, ‘कार्यवाहक’. कमलताईंनी चुकून अर्धवट शब्द सांगितला असं मला वाटलं, म्हणून मी तो पूर्ण केला. शेवटच्या क ला मी जरा गोल वळणही दिलं, मायचं काम होतं ना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी सह्या केल्या. वाचलं कुणीच नाही. कमलताईंचा चष्मा ट्रंकेत गेला होता.

मायला किल्ली मिळाली आणि हाताची वेताची खुर्ची मिळाली. पहिला आठवडा ती त्या खुर्चीच्या बाजूला, खाली बसून काम करायची. मग एक दिवस बालवाडीतल्या एका पोरीनं तेलुगूत विचारलं, अक्का, ही खुर्ची मोडकी आहे का? त्या दिवसापासून माय खुर्चीवर बसू लागली. पाच-सहा महिने सगळं सुरळीत चाललं. उलट वाढलंच. कोठी भागातल्या एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई हप्त्यातून एकदा पोरांना तपासायला यायला लागल्या, मायनंच जाऊन गळ घातली होती.

मग वत्सलाताई मायशी बोलायला आल्या. या बरकतपुऱ्यातल्या वकिलांच्या बायको, मंडळाच्या अध्यक्ष, स्वभावानं मऊ. मी त्या वेळी शाळेतून परस्पर मंडळात गेले होते आणि पडवीत पाटी पुसत होते. त्या म्हणाल्या की पुण्याहून एक शिकलेल्या बाई इथं राहायला आल्या आहेत, मुख्याध्यापिका होत्या, त्या कार्यवाह व्हायला तयार आहेत. गिरजाबाईंनी काम पूर्वीसारखंच करायचं, सगळं तुमच्याच हातात, फक्त नाव त्यांचं. माय म्हणाली, माझी नेमनूक झालीय न् ताई. वत्सलाताईंनी वही उघडली आणि हल्लूच बोट ठेवलं. ‘कार्यवाहक लिहिलंय, गिरजाबाई. म्हणजे कोणी मिळेपर्यंत. सगळ्यांच्या सह्या आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.’ मायला लिहिता-वाचता बेताचंच यायचं. तिनं ते अक्षर बराच वेळ पाहिलं. माझं अक्षर तिला ओळखू येत होतं. ती बरं म्हणाली आणि दुधाची भांडी घासायला गेली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मशीन चाललं नाही. आबांचा टोच्याही नाही. मी भीतीनं अर्धी झाले होते. शाळेत जाऊन मी हिंदीच्या मास्तरांना विचारलं, तेव्हा त्यांनी कौतुकानं मला त्या शब्दाचा अर्थ समजावून दिला. त्या खुर्चीसाठी आबा इथं राहिले, आणि आता माझ्या एका अक्षरापायी तीही जाणार. दुसऱ्या दिवशी माय भाकरी थापत होती, तेव्हा मी तिच्या पाठीमागं उभी राहून सांगितलं, की कमलताईंनी क सांगितला नव्हता, तो मी घातला. थापण्याचा आवाज थांबला. मला वाटलं आता पाठीत बसणार. ती म्हणाली, एका अक्षराला येवढा अर्थ आसतो व्हय? आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. आबा आतल्या खोलीतून म्हणाले, ‘वही मी बांदली, पोरीनं लिवली, सह्या त्यायनी केल्या. चूक एकट्या पोरीची कशी?’ भाकरी तव्यावर टाकून मायनं हात धुतले आणि मला म्हणाली, परवाच्या सभेला तू बी ये. दौत-टाक घे.

नव्या कार्यवाह ठरवायच्या त्या सभेला नऊजणी होत्या. पुण्याच्या बाई आल्या नव्हत्या, त्यांना ठरल्यावरच बोलावणार होत्या. एका कोपऱ्यात गोदूकाकू बसल्या होत्या. या सोवळ्यातल्या विधवा, येताना स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या आणि मायची सावली पडली तरी लुगडं आवरून घ्यायच्या. मायचं कौतुक करताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं. माय खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. तिनं माझी चूक सगळ्यांना सांगितली. कमलताई कार्यवाह म्हणाल्या होत्या, पोरीनं शाळेतला शब्द घातला, लेकरू हाय, एवढं माफ करा आणि तेवढं अक्षर खोडू द्या. मला वाटलं, संपलं. चूक कळली म्हणजे ती दुरुस्त होणार, शाळेत होते तशी. पण कुणी पदराचं टोक पाहत होतं, कुणी बाहेर. वत्सलाताई म्हणाल्या, एकदा सह्या झालेली वही अशी खोडता येत नाही.

तेव्हा मायनं विचारलं, ‘खोडायचं ऱ्हाऊ द्या. तुमी सही केली तवा तुमच्या मनात काय होतं, तेवडं सांगा. क होता का नव्हता?’

वत्सलाताई खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘होता, गिरजाबाई,’ त्या म्हणाल्या. ‘सगळ्यांच्याच मनात होता. तुम्ही कार्यवाह म्हटल्यावर घराघरांतून बायका येणार कशा, हा विचार करावा लागतो.’

आज इतक्या वर्षांनी मी त्यांचा राग आणून पाहते, तो येत नाही. त्या वेळी मात्र मला आधी एकदम सुटल्यासारखं वाटलं. चूक माझी नव्हती, मी तर त्यांच्या मनातलंच लिहिलं होतं. आणि लगेच, आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याची इतकी शरम वाटली की मी दौतीकडं बघत राहिले आणि टपाटपा रडले. माय माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. ती त्या बायकांना म्हणाली, इतकी वर्सं तुमी माझ्या पाठीशी हायेत, लई उपकार झाले. ‘आता पाठीशी नका ऱ्हाऊ. म्होरं बसा, आन् माझ्याकडं बगून हात वर करा. नाई तर नाई. पन क नको.’

पहिला हात गोदूकाकूंचा वर गेला. कोपऱ्यातून, तांब्या मांडीशी धरूनच. त्या जरा वैतागूनच म्हणाल्या, ‘पोरं हिनं आणली, काम ही करते. मग नाव दुसरीचं कशाला लिहायचं? आणि पुण्याची बाई नाकं पुसणार आहे का?’ कौतुक करणाऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. मग आणखी एक हात वर झाला, मग दोन. शेवटी वत्सलाताईंचाही. दोघींचे नाहीच झाले, आणि त्या पुढं मंडळात आल्या नाहीत. गोदूकाकू मरेपर्यंत मायच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत, आणि मायनंही त्यांना कधी विचारलं नाही. हे दोन्ही कसं जमायचं, मला अजून नीट सांगता येत नाही.

नवीन ठराव न लिहिता जुनाच दुरुस्त करावा, असा मायचा हट्ट होता. वत्सलाताई हो म्हणाल्या. मी टाक बुडवून त्या क वर एक बारीक रेघ मारली. मायनं टाक माझ्या हातातून घेतला आणि त्याच रेघेवर पुन्हा रेघ मारली, मग पुन्हा, इतकी दाबून की निब कागदात घुसलं आणि क होता तिथं भोक पडलं. बाजूला तिनं आपली सही केली, ग, र, ज, एकेक अक्षर सुटं. वही आबांकडं दुरुस्तीला आली. त्यांनी काय केलं ते मी पाहिलं नाही, शाळेत होते.

माय त्या खुर्चीवर बावीस वर्षं बसली. मागच्या वर्षी मंडळाच्या एका कार्यक्रमाला मला बोलावलं होतं. आता तिथं कॉम्प्युटरचे वर्ग असतात. सध्याची कार्यवाह वस्तीतलीच, गिरजाक्काकडं शिवण शिकलेल्या एका बाईची नात. तिला मराठी वाचता येत नाही. तिनं कपाटातून ती लाल पाठीची वही काढली आणि मला म्हणाली, आँटी, यात काय लिहिलंय, जरा पढून दाखवा. मी पान उघडलं. भोक तसंच होतं, मागून कागद लावून भरलेलं. भोकातून पलीकडची छपाई उलटी, पुसट दिसत होती, म्हणून मी पान उलटलं. ठिगळ मोठं होतं, चांगलं चार बोटं रुंद, मोरचुदामुळं कीडही न लागलेलं. त्याच्यावर सरकारी छपाईत ऑप्शनच्या फॉर्मच्या ओळी होत्या, आणि जाता की राहता लिहायची जागा कोरी होती. त्या पोरीनं विचारलं, हे मागं काय लावलंय? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी लावलंय, फाटू नये म्हणून.